तिच्या वहीतले माझे शेरे

हे मी मराठीत लिहिते आहे याचं एक साधं कारण आहे. ती मराठी वाचत नाही. अक्षरं तिला ओळखू येतील, चारदोन शब्दांचा अर्थही लागेल, पण सगळं कळणार नाही. आणि सगळं तिला कळावं असं मला वाटत नाही.

ती म्हणजे बी.एड.ला असतानाची माझी जोडीदार. कॉलेजने इंग्रजी विषय घेतलेल्या आम्हा मुलींच्या जोड्या लावल्या होत्या आणि सराव पाठांसाठी सरकारी शाळांमध्ये पाठवलं होतं. आमच्या वाट्याला जयपूरला लागून असलेल्या सांगानेरची एक मुलींची शाळा आली. ती रोज बस्सी गावाहून यायची, दोन बस आणि एक ऑटो करून. मी जयपूरच्या रेल्वे कॉलनीतून. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला दीदी म्हणायची. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, इथे ते बहुतेक मराठीत सांगते. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "दीदी, आपको डर नहीं लगता इंग्लिश बोलने में?" मी म्हटलं, नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच पुढचं सगळं दडलं होतं.

माझ्याबद्दल सांगते. वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन इथे आले तेव्हा मी दुसरीत होते. पहिलीपासून इंग्रजी माध्यम. कॉलेजात गेल्यावर मी विद्यार्थी संघटनेत गेले आणि तिथे मला माझा आवाज सापडला. वसतिगृहाचं पाणी, ग्रंथालयाची वेळ, परीक्षेचं वेळापत्रक, प्रत्येक विषयावर मी पत्रक लिहिलं आहे. पत्रक कसं लिहायचं ते मला झोपेतून उठवून विचारा. वर ठळक मथळा, मग अन्याय, मग मागण्या, मग सह्या. वाक्य लहान ठेवायचं. वाचणारा चालता चालता वाचतो. मी फाटकात उभी राहून घोषणा द्यायचे आणि दोनशे मुलं माझ्यामागून त्या म्हणायची. शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, अर्धं काम तर मला येतंच.

आणि मला नोकरी हवी होती. कोणतीही नव्हे, ती एकच. आमच्या कॉलेजची स्वतःची एक शाळा आहे. दरवर्षी सराव पाठ संपले की इंग्रजी घेतलेल्यांपैकी एकीला तिथे ठेवून घेतात. वडील त्या वर्षी निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडून आईबाबा भुसावळला परत जाणार होते. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "राहायचं असेल तर नोकरी दाखव. नाहीतर सामानाबरोबर तूही चल." मला भुसावळ आता धड आठवतही नाही. माझं सगळं जयपूरला. तेव्हा ती जागा माझी होती असं मी धरून चालले होते. माझ्याइतकं इंग्रजी वर्गात कोणाला येत नव्हतं. हे मी फुशारकीने सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत होतं.

आता वहीचा नियम सांगते, कारण सगळं त्या वहीत घडलं. प्रत्येकीची एक पाठाची वही असते. डाव्या पानावर आपण पाठाचं टाचण काढायचं. उजवं पान जोडीदारासाठी कोरं सोडायचं. आपण शिकवत असताना जोडीदार मागच्या बाकावर बसते आणि त्या पानावर शेरा लिहून सही करते. म्हणजे तिच्या वहीत माझे शेरे आणि माझ्या वहीत तिचे. नियम चांगला आहे. पण चालतं असं की सगळ्या एकमेकींना छान छान लिहितात. काही जणी तर आठवड्याचे शेरे एकदम लिहून टाकतात, चहा पिता पिता. "तू माझं चांगलं लिही, मी तुझं लिहिते." हे मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. हा भ्रष्टाचार नाही तर काय? वरच्यांना शिव्या द्यायच्या आणि आपण खाली बसून हेच करायचं? मी सगळ्यांसमोर म्हटलं, मी खरं तेच लिहीन.

आमच्या प्राध्यापिका, ज्या आम्हाला इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवायच्या, त्या हसल्या. त्या मला नेताजी म्हणायच्या. "लिखो, नेताजी, लिखो. मग निभवायलाही लागेल."

मी निभावलं. तिचा पहिला पाठ भयंकर होता. ती बस्सीच्या हिंदी शाळेतून आलेली. उच्चार गावाकडचे, फळ्यावरचं अक्षर खाली उतरत गेलेलं. मी इंग्रजीत उजवं पान भरून काढलं. उच्चार. फळ्याकडे तोंड करून बोलणं. अर्धा तास हिंदीत. दहा मिनिटं वाया. खाली सही ठोकली. तिने पान वाचलं, खाली मान घालून, बोट फिरवत. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "दीदी, इतका वेळ देऊन कोणी माझं ऐकलं नव्हतं."

मग तिने काय केलं? तिने माझे शेरे बसमध्ये पाठ केले. खरंच. बस्सी ते जयपूर ती माझं पान उघडून बसायची आणि ओठ हलवून ते शब्द म्हणायची. शेजारच्या बायकांना वाटायचं ही कसलातरी जप करते. तिने मला हे हसत हसत सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती फळ्याकडे पाठ करून उभी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात हिंदी कमी झालं. मी चूक दाखवायचे, ती चूक नाहीशी व्हायची. माझ्या हाताने मी तिला घडवत होते आणि मला ते सहन होत नव्हतं.

आणि माझ्या वहीत ती काय लिहायची? "Very nice lesson. Voice is loud and clear." रोज तेच. तिला मी खरं लिही म्हणून दोनदा बजावलं. ती म्हणायची, "तुमची चूक सापडतच नाही तर काय लिहू?" एकदाच तिने वेगळं लिहिलं. बारीक अक्षरात, पानाच्या अगदी तळाशी. "Children did not ask anything." मी ते वाचलं आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

माझे तास कसे होते ते सांगायला हवं. मी आत गेले की वर्ग उठून उभा राहायचा. मी वाक्य म्हणायचे, मुलं माझ्यामागून म्हणायची. पन्नास आवाज, एक ताल. शेजारच्या वर्गापर्यंत आवाज जायचा. मुख्याध्यापक दारात येऊन मान डोलवून जायचे. मी प्रश्न विचारायचे, हात वर जायचे, बरोबर उत्तर यायचं, कारण उत्तर मी आधीच फळ्यावर लिहिलेलं असायचं. घंटा होण्याच्या मिनिटभर आधी माझा पाठ संपायचा. यात चूक दाखवा.

तिच्या वर्गात मात्र गोंधळ. सांगानेरची ती मुलं म्हणजे बहुतेक कापडछपाईच्या घरांतली. घरी आईबापांबरोबर कापडावर ठसे मारतात, नखांत रंग असतो. एके दिवशी तिने सातवीच्या पोरींना घरचा एक एक लाकडी ठसा आणायला सांगितला. मग त्यांना म्हणाली, मी बस्सीची, मला छपाईतलं काही कळत नाही, मला शिकवा, पण इंग्रजीत शिकवा. ती नाटक करत नव्हती. तिला खरंच येत नव्हतं. तिने ठसा उलटा धरला आणि वर्ग हसून लोळला. एकीने तिचा हात धरून ठसा सरळ केला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, जोरात मारा, पण एकदाच. दुसरी म्हणाली, नाही, हळू मारा. मग दोघींचं भांडण. इंग्रजीत भांडण. मी मागे बसून त्यांच्या चुका मोजत होते. चुका ढीगभर होत्या. पण माझ्या वर्गात एकही चूक का होत नाही, ते मला त्या वेळी समजलं. माझ्या वर्गात कोणी आपलं वाक्य बोलतच नव्हतं.

हे समजलं तेव्हा मला आनंद झाला का? नाही. मला राग आला. मी शेऱ्यात लिहिलं, "शिस्त नाही. वेळेत संपला नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी खोटं कधीच लिहिलं नाही. खऱ्यातलं सोयीचं तेवढं लिहिलं.

त्याच दुपारी जिन्यात दोन मुली मला म्हणाल्या, "मैडम, कल वो वाली मैडम आएँगी या आप?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "अच्छा." बस, एवढंच. त्यांचा तो अच्छा मी घरापर्यंत घेऊन आले.

घरी आई मेथी निवडत बसली होती. आई अकोल्याकडची, तिची बोली इतकी वर्षं जयपुरात राहूनही तशीच आहे. मी बडबडत होते. इंग्रजी येत नसताना इंग्रजीची शिक्षिका होणं हा मुलांवर अन्याय आहे. गरिबांच्या मुलांना नेहमी अर्धवटच का मिळावं? दर्जाचा प्रश्न आहे.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थ्या पोरीनं तुह्यं काय घेतलं?"

"प्रश्न माझा नाहीये, आई. मतलब, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचा असता त पोळी गोड लागली असती तुले. दोन दिवस झाले, तू जेवत नाही. जळतेस तू, माय. जळ, पण जेवून जळ."

मी ताट तसंच सरकवलं.

सराव पाठ संपत आले तेव्हा प्राध्यापिकांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं की कॉलेजच्या शाळेसाठी तिचं नाव पाठवलं आहे. कारण सांगितलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीसुद्धा गोंधळून वाजवायला लागली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला एकच दिसत होतं, बांधलेलं सामान आणि भुसावळची गाडी.

मला जे येतं ते मी केलं. कॅन्टीनच्या टेबलावर बसून एका तासात निवेदन लिहिलं. मथळा ठळक. निवड कोणत्या निकषावर झाली ते जाहीर करा. निवड बंद खोलीत का? इच्छुकांचे खुले पाठ घ्या, परीक्षकांसमोर. तिचं नाव कुठे नव्हतं. तिच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं, ही मुलगी सगळ्यांसाठी लढते आहे. माझी आजवरची सगळ्यात चांगली मागणीपत्रं मी दुसऱ्यांसाठी लिहिली होती. हे पहिलंच मी स्वतःसाठी लिहिलं, आणि तेच सगळ्यात निःस्वार्थी दिसत होतं.

सह्या भराभर मिळाल्या. निकष जाहीर व्हावेत याला नाही कोण म्हणणार? मी तिला टाळत होते. पण तीच डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "काय आहे, दीदी?" मी कागद पुढे केला. लपवला असता तर ती चोरी झाली असती, आणि मी चोर नव्हते. तिने ओढणीला हात पुसले आणि सावकाश वाचलं, बोट फिरवत, माझे शेरे वाचायची तसं. मग पेन मागितलं.

मी म्हटलं, "कळलं ना काय लिहिलंय? निवड तुझी झालीय."

"लिखा तो सही है, दीदी. मलापण कळू दे, मला का घेतलं ते." आणि तिने सही केली. माझ्या सहीच्या बरोबर खाली.

त्या क्षणी कागद फाडायला हवा होता. मी नाही फाडला. मी तो नेऊन दिला.

प्राध्यापिकांनी निवेदन वाचलं, सह्यांवर नजर फिरवली, तिच्या सहीवर थांबल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे, नेताजी. खुला पाठ घेऊ. तुम्हा दोघींचा, आणखी कोणी नाव दिलं तर तिचाही, त्याच सातवीवर, एकच विषय. आणि नियम तोच राहील. एकीने शिकवायचं, दुसरीने मागे बसून लिहायचं." बाकीच्या कोणीही नाव दिलं नाही. मागणी सगळ्यांची होती, पाठ द्यायला मी एकटी.

विषय आला, रस्ता कसा सांगायचा. पहिला तास माझा. मागे तीन परीक्षक, दोन बाहेरचे आणि आमच्या प्राध्यापिका. त्यांच्या बाजूला ती, माझी वही मांडीवर घेऊन. मी रंगीत नकाशा केला होता, त्यावर टपाल कचेरी, दवाखाना, बगीचा. डावीकडे वळा, सरळ जा. मी म्हणाले, वर्ग म्हणाला. बाहेरचे दोघं एकमेकांकडे पाहून मान हलवत होते. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, निळ्या नखांची. ती ओठ हलवत होती पण तिचा आवाज निघत नव्हता. पन्नास जणींत कोणाला कळतंय? मला कळलं. मी पुढे गेले. माझा पाठ घंटेआधी मिनिटभर संपला.

मग ती उभी राहिली. तिच्याकडे नकाशा नव्हता. ती म्हणाली, मी रोज उशिरा येते, तुम्हाला माहीत आहे. बस स्टॉपवरून मोठ्या रस्त्याने येते. म्हणतात की आतून एक जवळचा रस्ता आहे. मला सापडत नाही. सांगा.

एकदम दहा हात. ती एकेकीला फळ्याकडे बोलवत गेली, रेघा मारायला लावत गेली. कापड वाळत घालतात त्या मैदानातून. नाही, तिथे आता कुंपण घातलंय. मग रंगाच्या हौदामागून. तिने विचारलं, हौदात पडले तर? वर्ग हसला. फळा रेघांनी भरला. आणि तिसऱ्या बाकावरची ती निळ्या नखांची मुलगी उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "नो मॅडम. दॅट रोड, देअर इज डॉग."

माझ्या जोडीदाराने खडू खाली ठेवला. तिने विचारलं, कोणाचा कुत्रा? मोठा? चावतो? आणि ती मुलगी बोलत राहिली. इंग्रजीत. चुकत, थांबत, हाताने कुत्र्याची उंची दाखवत, कधी जावं म्हणजे तो झोपलेला असतो ते सांगत. घंटा झाली तरी ती उभीच होती.

तिची वही माझ्या मांडीवर होती. उजवं पान कोरं. मला लिहायला खूप होतं. पाठ वेळेत संपला नाही. साहित्य नाही. तिच्या स्वतःच्या चुका मी मोजल्या होत्या, त्या सगळ्या मला आठवत होत्या. बाहेरच्या दोघांना माझा पाठ आवडला होता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझं पान टीकेने भरलं असतं तर जागा माझी झाली असती. आणि एकही अक्षर खोटं नसतं.

मी त्या मुलीकडे पाहत होते. मला सांगायला आवडलं असतं की माझं मन मोठं झालं. झालं नाही. मला त्या पोरीचाही राग आला होता. माझ्या वर्गात तुला काय झालं होतं? पण खरं तेच लिहीन असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि त्या वर्गातलं सगळ्यात खरं एकच होतं. मी इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, तिसऱ्या बाकावरची मुलगी माझ्या तासाला बोलली नव्हती. सही केली. वही मिटली.

बाहेरच्या दोघांचं मत माझ्या बाजूने होतं. प्राध्यापिकांनी दोन्ही वह्या मागितल्या. माझ्या वहीत तिने लिहिलं होतं, "Very nice lesson. Voice is loud and clear." त्यांनी तिची वही उघडली, माझी ओळ वाचली आणि ती वही दोघांसमोर ठेवली. मग मला बाहेर जायला सांगितलं.

जागा तिला मिळाली.

व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. "दीदी, तुम्ही असं का लिहिलंत?"

"खरं होतं म्हणून."

"रागावलात?"

"हो."

ती हो ऐकून तिथेच उभी राहिली. माझ्या शेजारी, तिची बस चुकेपर्यंत.

आईबाबा भुसावळला गेले. मी गेले नाही. जयपुरातच सीकर रोडवर, विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या मागे एक छोटी शाळा आहे, तिथे मी शिकवते. ही नोकरी मी स्वतः शोधली, कोणाच्या निवडीने नाही. पत्र्याचं छप्पर, मशीनचा आवाज. मुलांचे बाप लेथवर लोखंड कातायचं काम करतात. लेथ कसा चालतो मला माहीत नाही. मी मुलांना विचारलं. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी अजून विचारते आहे. मागच्या बाकावर बसून लिहायला तिथे कोणी नाही.

तिचे फोटो आमच्या ग्रुपवर येतात. तिची मुलं नाटक करतात, तिच्या वर्गात भिंतभर कागद लावलेले असतात. मी ते मोठे करून पाहते, काही चुकलंय का. लाइक करत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा मला एकटीला निरोप आला. "दीदी, शनिवारी याल का? माझ्या तासाला मागे बसा. इथे सगळे छान छान म्हणतात. खरं कोणी लिहीत नाही."

शनिवारी मला सुट्टी असते. मी लिहिलं, येते. उदार झाले म्हणून नाही. तिच्या चुका मोजायला मला अजून आवडतं.